इंटरनेटबाबत पक्षाची भूमिका आणि आमचे अण्णा

जनप्रबोध पक्षाची नेट न्यूट्रॅलिटीबाबतची अधिकृत भूमिका मी लिहिलेली आहे. ही बढाई नव्हे. आमच्या काष्टी गावात कुणालाही विचारा, तो उलट तुम्हालाच विचारेल की ही न्यूट्रॅलिटी कुठल्या दुकानात मिळते. पण भूमिका माझीच. 'इंटरनेटच्या वायरीतून जाणाऱ्या सर्व मजकुरास समान वागणूक व समान वेग मिळाला पाहिजे' हे तिच्यातलं पहिलं वाक्य मी आमच्या स्वयंपाकघरात, दळणाच्या डब्याला पाठ टेकून लिहिलं. त्याबद्दल मला शाल, श्रीफळ आणि मानेला रग लागेल एवढा हार मिळाला. नारळ नासका निघाला, पण त्यात पक्षाचा दोष नाही.

मी सुहास निसळ. इथल्या एका पतसंस्थेत क्लार्क आहे, म्हणून गाव मला भाऊसाहेब म्हणतं. हुद्दा क्लार्कचा असला तरी मला जो काही मान आहे तो वेगळ्याच कारणाने आहे. मी प्रोसिडिंग, म्हणजे सभांचा वृत्तांत लिहितो. पतसंस्थेचं, दूध संस्थेचं, देवस्थान ट्रस्टचं, तालमीचं, सगळ्यांचं प्रोसिडिंग माझ्या अक्षरात आहे. सभेत खुर्च्या फेकल्या गेल्या तरी 'साधकबाधक चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर' असं मी न अडखळता लिहू शकतो. आमच्या जिल्ह्यात सहकार हाडीमासी खिळलेला. काम झालं का, यापेक्षा ठराव झाला का, हे इथे आधी विचारतात. आणि ठराव झाला असेल तर कामही झालंच असं धरून माणसं चहा पिऊन घरी जातात. मीही त्यातलाच. पुढचं सगळं रामायण त्यामुळेच घडलं.

आमचे वडील दत्तोपंत, घरात अण्णा आणि गावात हेडसर. वय चौऱ्याऐंशी, कानांनी ठार बहिरे. कानाचं मशीन आणलं होतं, पण 'यातून फक्त पंखा ऐकू येतो' असं म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं. मात्र ते ओठ वाचतात. शेवटच्या बाकावरचं पोरगं काय पुटपुटतंय हे फळ्यापासून ओळखण्यात त्यांची हयात गेली, तीच विद्या म्हातारपणी कामी आली. समोर बसून बोललं की त्यांना सगळं कळतं. सुचित्रा, म्हणजे माझी बायको, त्यांच्यासमोर कधीच कुरकुरत नाही. कुरकुरायचं असलं की ती पाठ फिरवते.

माझी धाकटी बहीण आरती कॅनडात असते, कॅलगरीला. रोज दिवेलागणीला तिचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडे तेव्हा सकाळ. मी तो हॉलमधल्या टीव्हीवर लावून द्यायचो आणि अण्णा इस्त्रीचा सदरा घालून समोर बसायचे. आई गेली तेव्हा आरतीचे तिकडचे कागद अडकले होते. देश सोडला असता तर तिला परत आत घेतलं नसतं. ती येऊ शकली नाही, आणि अण्णा संतापाच्या भरात तिला म्हणाले, "आता येऊच नकोस." नंतर ते त्यांना फार लागलं असावं. पण चुकलं म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही, म्हणून ते रोज तिला विचारायचे, "जेवलीस का?" तिकडे सकाळ असते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती म्हणायची, "जेवले अण्णा." एवढ्यावर बापलेकीचं छान चाललं होतं.

दिवाळीनंतर चित्र अडकायला लागलं. आवाज यायचा, चित्र मात्र थिजायचं. तुम्हाआम्हाला त्याचं काही वाटत नाही, आपण 'हॅलो हॅलो' करून वेळ मारून नेतो. पण अण्णांना आवाजाचा उपयोग काय? त्यांच्यापुढे टीव्हीभर आरतीचा चेहरा असायचा, डोळे थेट त्यांच्याकडे आणि ओठ मिटलेले. बहिऱ्या माणसाला याचा एकच अर्थ कळतो. मुलगी समोर बसली आहे आणि आपल्याशी बोलत नाही.

पहिले काही दिवस मी पाटीवर 'चित्र अडकले आहे' असं लिहून दाखवलं. अण्णांनी ते मान्य केलं. मग एका संध्याकाळी त्यांनी रिमोट हातात घेतला आणि टीव्हीवर आसारामचं ॲप लावलं.

इथे आसारामची ओळख करून द्यायला हवी. गावात इंटरनेट एकाच माणसाचं, आसारामशेठचं. 'सत्यशीला फायबर' हे नाव त्याने बायकोवरून ठेवलंय. मध्यंतरी दुसऱ्या एका कंपनीची वायर खांबांवर चढली होती, ती रातोरात खाली पडली. वाऱ्याने पडली असं आसाराम सांगतो. त्याचं स्वतःचं 'आपली माती' नावाचं ॲप आहे. त्यावर कीर्तन असतं, घोडेगावचा जनावरांचा बाजार थेट दिसतो, आणि जनप्रबोध पक्षाच्या सभा असतात, कारण आसाराम त्या पक्षाचा तालुकाध्यक्ष आहे.

अण्णांनी ॲप लावलं तर घोडेगावचा बाजार चालू होता. एक म्हैस निवांत रवंथ करत होती. तिच्या जबड्याची एकूण एक हालचाल स्वच्छ दिसत होती.

"वायर तीच ना?" अण्णांनी मोठ्याने विचारलं. बहिरी माणसं सगळंच मोठ्याने विचारतात.

मी मान हलवली.

"टीव्हीसुद्धा तोच. मग घोडेगावची म्हैस तोंड हलवते ती मला दिसते, आणि माझी मुलगी तोंड उघडत नाही ती वायरीमुळे?"

पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाशी वाद घालणं अवघड असतं. मी पाटी पुसत उभा राहिलो.

मग आरती जे बोलेल ते ऐकून पाटीवर लिहायचं असं ठरवलं. ती म्हणाली, "अण्णा, नीट राहा ना हो." मी घाईघाईत लिहिलं, 'तब्येतीस जपावे.' अण्णांनी चष्मा पुढे ओढून वाचलं आणि पाटी मला परत दिली. "हे तुझं वाक्य आहे. आरती असं बोलत नाही. तिच्या नावावर प्रोसिडिंग लिहू नकोस." ज्या अक्षरापुढे अख्खा तालुका सह्या करतो त्याची घरात ही किंमत. मला वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट हे वाटलं की त्यांचं बरोबर होतं.

आरतीने मग तिकडून बोलतानाचा व्हिडिओ पाठवला. तो सकाळपर्यंत उतरत होता. अण्णांनी तो दोनदा पाहिला. "पाठांतर आहे," ते म्हणाले. "मी विचारलेल्याचं उत्तर यात कुठे आहे? रेकॉर्डिंगला बोलते आणि माझ्यासमोर गप्प बसते."

आमच्या शेजारी गोरक्षनाथ राहतात. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. गर्दीतून वाट काढण्यात आयुष्य गेल्यामुळे कुठलीच अडचण त्यांना अडचण वाटत नाही. आमची कॉलनी खोलगट भागात आहे, मोबाईलची रेंज फक्त गच्चीवरच्या टाकीपाशी येते. गोरक्षनाथ म्हणाले, "भाऊसाहेब, रेंज खाली येत न्हाई, तर मानूस वर न्यायचा. सोपं हाय."

आम्ही अण्णांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी उचललं. जिन्याच्या वळणावर खुर्ची अडली. अण्णा वरून सूचना देत होते, "डावीकडे कलवा! डावीकडे! तुमची डावी नव्हे, माझी!" कॉलनीतली दोनतीन घरं दारात येऊन उभी राहिली. कुणीतरी आसारामला फोन करून लाईव्ह करायला सांगूया म्हणालं. वर पोहोचेपर्यंत अंधारून आलं होतं. आरती मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर खरंच बोलत होती, तोंड हलत होतं, चित्र एकदाही अडकलं नाही. पण मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना एवढे बारीक ओठ दिसेनात. गोरक्षनाथांना दया आली. त्यांनी घरून बॅटरी आणून तिचा झोत मोबाईलवर मारला.

"आता दिसतंय का सर?"

अण्णांना आता फक्त बॅटरी दिसत होती. उतरताना खुर्चीचा पाय मोडला आणि अण्णांच्या कमरेला हिसका बसला. डॉक्टरांनी जिना बंद केला आणि गाडीतला प्रवासही बंद केला. आता अण्णांना पुण्याला भाच्याकडे नेऊन आरतीशी बोलायला लावावं हा सुचित्राचा शहाणा विचारही बाद झाला. तो तिने आधीच मांडला होता, हे तिने मला नंतर बऱ्याचदा सांगितलं.

मी रीतसर मार्गाचा माणूस. सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. नियम असा की आधी कंपनीकडे तक्रार करायची, तिथे समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील. सत्यशीला फायबरच्या अपिलीय अधिकारी म्हणून नाव होतं सौ. सत्यशीलावहिनींचं. मी अपील घेऊन गेलो तेव्हा त्या ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी माझं म्हणणं अगदी मन लावून ऐकलं. अण्णांचं ऐकून त्यांचे डोळेही भरून आले.

"लई वाईट झालं बघा," त्या म्हणाल्या. "पन आमचे हे करत्यात ते काय इचार करूनच करत आसत्याल." आणि अपील फेटाळून त्यांनी मला मेथीची जुडी दिली.

शेवटी मी थेट आसारामकडे गेलो. त्याचं ऑफिस बाजारतळाशेजारी आहे. तो खुर्चीतून उठून उभा राहिला.

"या भाऊसाहेब. सर कसं हायती? लई मारलंय सरांनी मला. त्या मारानंच घडलो बघा."

मी सगळं सांगितलं. आसाराम लबाड आहे, पण तोंडावर सहसा खोटं बोलत नाही, हीच त्याची अडचण आहे.

"त्याचं कसं हाय," तो म्हणाला, "वायर म्हंजी रस्ता. रस्ता आपला, गाड्या बाहेरच्या. मंग आदी कुनाची सोडायची? आपली. कीर्तन, बाजार, पक्षाची सभा, ही आपली गाडी. कॅनडाची गाडी जरा वाईच थांबती."

"अहो, पण त्या गाडीत माझी बहीण आहे."

"ते बी खरं. तशी व्हीआयपी लाईन हाय आपल्याकडं. तिच्यावर समदंच पळतं. पन ती फकस्त पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना. इकत मिळत न्हाई."

मी चिडून विचारलं, "हे तुमच्या पक्षाचं धोरण आहे का?"

आसाराम विचारात पडला. खरोखरच पडला. "पक्षानं यावर आजून काय ठरवल्यालंच न्हाई. तुमी म्हनाल तसं ठरवू की. लिवा तुमी."

एखाद्याला भूत लागतं तसा मला त्या क्षणी ठराव लागला. इंटरनेटवरच्या सगळ्यांना एकसारखा वेग देण्याला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात, हे मी एका पेपरात वाचलेलं होतं. पक्षानेच तशी भूमिका घेतली, तर तालुकाध्यक्षाला ती पाळावीच लागेल, इतका सरळ हिशेब. दोन संध्याकाळी बसून मी मसुदा तयार केला. पोरांची शाळा, आजाऱ्यांची औषधं, परगावी गेलेली माणसं, सगळं त्यात आणलं. बहिऱ्या म्हाताऱ्यांवरही एक परिच्छेद होता. सुचित्राने तो वाचला आणि विचारलं, "ठराव केल्याने चित्र हलतं का?"

"अगं, पक्षाची अधिकृत भूमिका म्हणजे काय चेष्टा आहे?"

"अण्णा आज जेवले नाहीत," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून पुढचं बोलली.

तालुका कार्यकारिणीची सभा श्रीगोंद्यात एका मंगल कार्यालयात झाली. आदल्या दिवशीच्या लग्नाचे फुगे अजून छताला होते. मी मसुदा वाचला. मग एकाने विचारलं की यात कांद्याचं काय? पंकजाताई म्हणून महिला आघाडीच्या प्रमुख आहेत, त्या म्हणाल्या, "समान नेट म्हंजी रेशनवर मिळनार का? तसं आसंल तर बायांचा पाठिंबा हाय." बहिऱ्या म्हाताऱ्यांचा परिच्छेद वगळून तिथे कांदा घालण्यात आला. सूचक स्वतः आसाराम, अनुमोदक त्याचा मेहुणा. जाता जाता आसारामने सुचवलं की 'स्थानिक गरजेस प्राधान्य देऊन' एवढंच शेवटी जोडावं. मी जोडलं. सर्वानुमते मंजुरी हवी तर असं काहीतरी जोडावं लागतंच, माझा एवढ्या वर्षांचा अनुभव आहे.

ठराव घेऊन मी घरी आलो तो जग जिंकल्यासारखा. दिवेलागण झाली, मी कॉल लावला. अण्णा सदरा घालून बसले होते. आरतीचा चेहरा आला आणि थिजला.

"जेवलीस का?" अण्णांनी विचारलं.

"जेवले अण्णा," आवाज आला. "अण्णा, जेवले! दिसतंय का तुम्हाला? दादा, सांग ना त्यांना, मी जेवले म्हणून!"

अण्णा बराच वेळ मिटलेल्या ओठांकडे पाहत राहिले. "नसेल सांगायचं तर नको सांगूस," ते म्हणाले आणि उठले.

मी आसारामला फोन केला. तो म्हणाला, "भाऊसाहेब, ठराव तालुक्याचा झालाय. जिल्ह्यानं कायम केल्याबिगर मी कसा पाळू? शिस्तीचा पक्ष हाय." नियमाने त्याचं बरोबर होतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं.

म्हणून मी नगरला गेलो. गावाचं नाव आता अहिल्यानगर झालंय, एसटीवरही तसं लिहिलंय, पण कंडक्टरपासून सगळ्यांच्या तोंडी नगरच. जिल्हाध्यक्ष कल्याणराव यांच्या ऑफिसबाहेर मी दिवसभर बसलो. दुसऱ्या खेपेला ते एका लग्नाला गेले होते, तिसऱ्या खेपेला एका दहाव्याला. चौथ्या खेपेला भेटले. त्यांनी मसुदा उभ्या उभ्या वाचला.

"चांगलं आहे. पण याच्यात मतं किती?"

मी म्हणालो, "साहेब, माझ्या घरात तीन आहेत."

ते मोठ्याने हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मला तेव्हा वाटलं, काम झालं. "आपला पक्ष यावर बोलणारा जिल्ह्यात पहिला ठरेल," ते म्हणाले. "घोषणा काष्टीतच करू, मोठी सभा लावून. आणि भूमिका वाचणार तुम्ही. पक्षाला सुशिक्षित चेहरा पाहिजेच आहे." सभेची तारीख त्यांच्या सवडीने ठरणार होती. ती दोनदा पुढे गेली.

तोपर्यंत अण्णांनी सदरा घालणं सोडलं. आधी ते बनियनवर येऊन बसत, मग येईनासे झाले. कमरेमुळे पडून राहणं वाढलं, छातीत कफ झाला आणि त्यांनी कायमचं अंथरूण धरलं. हॉलमध्येच कॉट लावली. डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, हृदय थकलंय, आता घरीच ठेवा, त्यांच्या मनाविरुद्ध काही करू नका. आरतीने तिकडे सुट्टी मागितली, कागदांची चौकशी केली. पुन्हा तेच उत्तर आलं.

एका संध्याकाळी अण्णांनी मला खुणेने कॉल लावायला सांगितलं. उशीला टेकून बसवायला लावलं. आरतीचा चेहरा आला, थिजला. अण्णा तिच्याकडे पाहत होते. मग ते म्हणाले, "आरती, तुझी आई गेली तेव्हा मी तुला बोललो. ते माझं चुकलं."

मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा हे म्हणताना ऐकलं. सुचित्रा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. टीव्हीतून आरतीच्या हुंदक्यांचा आवाज येत होता. "अण्णा, नाही हो, अण्णा, मी कधीच मनात ठेवलं नाही, अण्णा, ऐका ना," असं ती काय काय बोलत होती, आणि टीव्हीवर तिचे ओठ मिटलेले होते, चेहरा कोरडा होता, थोडासा त्रासलेला. चित्र नेमकं अशाच क्षणी अडकलं होतं. मी पाटी घेऊन धावलो. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले, तिचेच, माझा एकही नाही. अण्णांनी पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. ते पडद्याकडे बघत वाट पाहत राहिले. मला ते बघवेना. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बंद कर."

त्यानंतर त्यांनी कॉल लावू दिला नाही. आरती रोज करायची, आम्ही आत जाऊन बोलायचो. अण्णा कीर्तन बघत.

शेवटी सभा ठरली. बाजारतळावर मांडव पडला. चौकात कल्याणरावांचा फ्लेक्स लागला, त्यात खालच्या कोपऱ्यात माझा फोटो होता, रेशनकार्डावरचा. सभा 'आपली माती'वर थेट होती आणि त्यासाठी आसारामने गावातली बाकीची सगळी वाहतूक थांबवून रस्ता मोकळा करून दिला. समान वेगाची घोषणा विनाअडथळा पोहोचावी म्हणून त्या संध्याकाळी काष्टीत कुणाचंही दुसरं काही चालत नव्हतं. मला जाऊ नये असं वाटत होतं. पण जिल्ह्याने कायम केलं की आसारामला निमित्त उरणार नाही, या एका आशेवर मी गेलो. स्टेजवर उभा राहून मी भूमिका वाचली, कांद्यासकट. टाळ्या पडल्या. कल्याणरावांनी शाल पांघरली.

घरी आलो तर सुचित्रा म्हणाली, "अण्णांनी तुमचं सगळं भाषण बघितलं. डोळेही हलवले नाहीत." मला, लाज वाटली तरी सांगतो, आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आसाराम स्वतः घरी आला. अण्णांच्या पायाला हात लावला. अण्णांनी त्याला ओळखलं की नाही कळलं नाही. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "भाऊसाहेब, जिल्ह्यानं तुमाला तालुक्याचं प्रवक्ते केलंय. आता तुमी पदाधिकारी. व्हीआयपी लाईन चालू करतो."

"आणि भूमिका? सगळ्यांना समान वेग?"

"हाय की. स्थानिक गरजेस प्राधान्य देऊन. तुमीच वाचलं ना काल?"

मला नको म्हणायला हवं होतं. माझा मसुदा तेच सांगत होता. आत अण्णांचा श्वास ऐकू येत होता. मी म्हणालो, "करा चालू." वायर बदलावी लागली नाही, खांबावर कुणी चढलं नाही. आसारामने आपल्या मोबाईलवर अंगठ्याने काहीतरी दाबलं, बस. एवढंच काम होतं ते. थोड्या वेळाने गोरक्षनाथ कंपाउंडवरून डोकावले. "भाऊसाहेब, तुमचं नेट चालू हाय का? आमचं आज लईच अडकाय लागलंय." मी "बघतो" म्हणून आत आलो.

दिवेलागणीला अण्णांना न विचारता मी कॉल लावला. आरती आली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. आणि ती हलली. मान हलवली, केस मागे केले, तिच्या मागच्या खिडकीतून बर्फ पडताना दिसला. मी अण्णांचा खांदा हलवून पडद्याकडे बोट केलं.

त्यांनी डोळे उघडले. आरतीने दोन्ही हात जोडले आणि एकेक शब्द सुटा करत, अगदी लहान मुलाला सांगावं तसं बोलली, "अण्णा, मी रोज बोलत होते."

अण्णांनी तिचे ओठ वाचले. वाचले, हे मला त्यांच्या कपाळावरून कळलं. मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'लाईन खराब होती. आज दुरुस्त झाली.'

"काल तुझं भाषण मी पूर्ण पाहिलं," अण्णा मला म्हणाले. आवाज खोल गेला होता, पण स्पष्ट होता. "एक अक्षर अडकलं नाही. लाईन चांगली आहे." मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "मी चुकलो म्हणालो तेव्हा तोंड उघडलं नाहीस. आता मी चाललो असं यांनी कळवलं, म्हणून बोलायला आलीस."

"अण्णा, नाही हो! दादा, सांग ना त्यांना!"

मी पाटी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी ती हाताने बाजूला केली आणि कण्हत, एकट्याने, आमच्या कुणाचा हात न घेता कूस बदलली. त्यांचं तोंड भिंतीकडे झालं.

सुचित्राने टीव्ही बंद करायला रिमोट उचलला. आरती म्हणाली, "वहिनी, राहू दे." ती खुर्ची पुढे ओढून बसली आणि अण्णांच्या पाठीशी बोलायला लागली. आज काय खाल्लं, बर्फ कसा पडतोय, आई तिला कशी वेणी घालायची, कागद कधी सुटतील. मधे रडायची, मधे हसायची, पुन्हा बोलायची. तिचे ओठ हलत होते, डोळ्यातलं पाणी गालावरून खाली येताना दिसत होतं. किती वेळ बोलत होती कुणास ठाऊक. चित्र एकदाही अडकलं नाही.